परसबागेचे प्रशिक्षण आहे, पण परस कुठे आहे?

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर बाभुळगाव तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या महिलांसाठी परसबागेचे प्रशिक्षण होते. मी मदतीला गेले होते. समाजमंदिराच्या भिंतीवर एक रंगीत नकाशा लावला होता. सात वाफ्यांचे मोठे गोल, मधोमध पपई आणि केळी, वाफ्यांत पालेभाज्या, कडेने वेलींचा मांडव. गोलाचा व्यास ३० फूट. शिकवणारे साहेब उत्साहाने सांगत होते, "एवढे केले की वर्षभर बाजारात भाजी घ्यायला जायचे काम नाही." बायका ऐकत होत्या. शेवटी आपल्या वस्तीतली एक मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, हे गोल मी काढू कुठी? घराच्या पुढं रस्ता हाये अन् मांगं नाली हाये. बाग काय डोक्यावर लावू?"

सगळ्या हसल्या. साहेबही हसले आणि म्हणाले, "इच्छा असली की जागा निघते, मावशी." मावशी खाली बसली. प्रशिक्षण संपले, बियाण्याची पाकिटे वाटली, फोटो निघाले.

मला मात्र ते हसू घरी येईपर्यंत बोचत राहिले. त्या एका प्रश्नात जे समाजशास्त्र आहे, ते मला एम.ए.च्या दोन वर्षांत कुणी इतक्या सरळ शब्दांत शिकवले नव्हते.

आधी हिशेब करू

३० फूट व्यासाच्या गोलाचे क्षेत्रफळ होते सुमारे ७०७ चौरस फूट. आता आपल्या घरांकडे या. प्रधानमंत्री आवास योजना असो की रमाई आवास, ग्रामीण घरकुलाचे किमान बांधकाम २६९ चौरस फूट. ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तिच्यात आधी ५० हजार आणि आता १ लाखापर्यंत मदत मिळते, आणि जागा धरली आहे ५०० चौरस फुटांपर्यंत.

म्हणजे बागेचा नकाशा ७०७ चौरस फुटांचा आणि माणसाचा आख्खा प्लॉट ५०० चौरस फुटांचा! एकाच शासनाच्या राज्यात एक विभाग भूमिहीनाला ५०० फुटांत बसवतो आणि दुसरीकडे त्याच्याच बायकोला ७०७ फुटांची बाग शिकवली जाते. ५०० मधून घराचे २६९ वजा केले तर २३१ उरतात. त्यात शौचालय, न्हाणी, पाण्याचा ड्रम, चूल, सरपण, शेळीचा खुंटा आणि पुढे लग्न झालेल्या मुलाची एक खोली. शिल्लक राहते ती खाटेएवढी पट्टी. हा इच्छेचा प्रश्न आहे का?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आपल्याला मिळतो त्याच्या निम्माही नाही. कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब नीट जगू शकते, अशी मांडणी केली. मांडणी मोलाची आहे. पण आपल्या मावशीसाठी ते दहा गुंठे चंद्रावर आहेत.

परसात काय काय मावते

परसबाग म्हणजे फावल्या वेळचा शौक, असे समजणाऱ्या मित्रांसाठी थोडे सविस्तर सांगते. याच तालुक्यात एका वस्तीच्या टोकाला एका आजीचे घर आहे. टोकाला असल्यामुळे मागची थोडी जागा सासऱ्यापासून त्यांच्या वहिवाटीत राहिली. अंदाजे गुंठाभर सांदवाडी. परसबाग हा पुस्तकातला शब्द, आपल्याकडे सांदवाडीच म्हणतात. मी वही घेऊन बसले आणि आजीला विचारत गेले.

मुंगणा, पपई, लिंबू, जांब, सीताफळ, गोडनिंब ही झाडे. पऱ्हाट्यांच्या कुडावर आणि न्हाणीच्या टिनावर चढलेले दोडके, कारले, वाल, कोहळे. खाली वांगी, मिरची, टमाटर, भेंडी, गवार, चवळी. कडेने अंबाडी. न्हाणीच्या पाण्यावर धोपा आणि हळद. हिवाळ्यात सांबार, पालक, मेथी. खोकल्यासाठी अडुळसा, चहासाठी गवती चहा. शिवाय न लावता उगवणारे घोळ आणि तरोटा, ज्यांना बाहेरचा माणूस गवत समजून उपटून टाकेल. आता मोजा. दोन डझनांच्या वर जाती एका गुंठ्यात! शेजारच्या पाच एकर वावरात काय आहे? कपाशी, आणि तिच्यात तुरीच्या चार ओळी.

हे कसे जमते? यात जादू नाही. मुंगण्याची विरळ सावली वर, वेली मधल्या उंचीवर, वांगी-मिरची कमरेएवढी, हळद-धोपा जमिनीलगत. ऊन थराथराने वापरले जाते. मुळेही वेगवेगळ्या खोलीवरून पाणी ओढतात. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी वाया जात नाही. चुलीची राख, शेळीच्या लेंड्या, भाजीची देठे तिथेच मुरतात. एका पिकावर कीड आली तर दुसरे उभे असते. आणि मुख्य म्हणजे कपाशीचा पैसा दिवाळीनंतर येतो व येण्याआधीच कर्जात जातो, तर सांदवाडी दर आठवड्याला काहीतरी हातात ठेवते. ते बाईच्या हातात पडते आणि लेकरांच्या ताटात जाते.

उत्पादकता मोजायची तर अशी मोजा. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाजी-फळे खायला सांगते. पाच माणसांना रोज २ किलो, वर्षाला ७३० किलो. किलोला सरासरी ४० रुपये धरले तर २९,२०० रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये आहे. म्हणजे एका मजूर कुटुंबाने सांगितली तेवढी भाजी विकत घेऊन खायची, तर सुमारे ९४ दिवसांची मजुरी निव्वळ भाजीवर जाईल. कोण देणार? म्हणून आपल्या घरात भाजी म्हणजे बटाटा, नाहीतर तिखट आणि तेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिला आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाची निघाली. गुंठाभर सांदवाडी ही सगळी गरज भागवणार नाही. निम्मी भागवली तरी ४७ दिवसांची मजुरी वाचते.

वावरातली भाजीही गेली

पूर्वी भूमिहीन बाईला एक आधार होता. निंदणाला गेली की बांधावरचा तरोटा, घोळ, कुंजर, माठ पदरात बांधून आणायची. मालकाच्या लेखी ते तण, आपल्या लेखी रात्रीची भाजी. आता वावरात तणनाशक फवारले जाते. निंदणाची मजुरी गेली आणि भाजीही गेली. जी उगवते तिच्यावर काय पडले आहे ते माहीत नसते. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात पडले. विषारी वावरातून भाजी आणायची तरी कशी? म्हणूनच घरामागच्या दोन हात जमिनीचे मोल आज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

वैविध्य जमिनीच्या मागे चालते

जावा बेटावरच्या घरबागा आणि केरळातल्या घरबागा यांच्यावर जगभरच्या अभ्यासकांनी लिहिले आहे. त्यातून एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बाग मोठी, जुनी आणि मालकी पक्की असेल तर झाडांच्या जाती वाढतात. स्वाभाविकच आहे. आंबा किंवा लिंबू लावणारा माणूस पाच-सात वर्षांनंतर आपण इथेच असू, असे गृहीत धरत असतो. ज्याच्या घरावर अतिक्रमणाची नोटीस कधीही चिकटू शकते तो मेथी लावेल, फळझाड लावणार नाही.

केरळच्या घरबागांचे कौतुक करणारे एक गोष्ट सांगायला विसरतात. १ जानेवारी १९७० पासून लागू झालेल्या तिथल्या जमीन सुधारणा दुरुस्तीने दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी घालून राहणाऱ्या भूमिहीनाला झोपडीभोवतीची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. पंचायत हद्दीत १० सेंटपर्यंत, म्हणजे आपले ४ गुंठे. आधी कायदा झाला, मग हक्काने झाड लावता आले. अर्थात केरळचेही गोडवे गायचे कारण नाही. तिथल्या दलितांना शेतजमीन मिळाली नाही, अनेक कुटुंबे लक्षंवीडू वसाहतींच्या दाटीत कोंबली गेली आणि २००७ मध्ये चेंगारात पुन्हा जमिनीसाठी लढावे लागले. त्या वसाहतींत नारळ कुठे लावणार? तिथेही वैविध्य जमिनीच्याच मागे चालले.

दुसरे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे आहे. तेलंगणातल्या जहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधल्या दलित महिला हलक्या, कोरडवाहू जमिनीत एकाच वेळी ज्वारी, बाजरी, राळे, कडधान्ये अशी कितीतरी पिके घेतात, बियाणे घरात जपतात आणि बैलगाड्यांवर बियाण्यांची यात्रा काढतात. २०१९ चा इक्वेटर पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या राज्यात अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचे नाव आले. या सगळ्यांना सलाम. पण बी जपायला माती लागते. राहीबाईंचा फोटो लावून भूमिहीन बाईला 'तूही कर' म्हणणे, हा तिचा सन्मान नाही.

बाबासाहेब काय सांगतात

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा यावर त्याची किफायत ठरत नाही, त्या तुकड्याला श्रम, भांडवल आणि साधने कोणत्या प्रमाणात मिळतात यावर ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. आजीची गुंठाभर सांदवाडी हा त्या युक्तिवादाचा जिवंत दाखला आहे. तिथे श्रम आहे, खत आहे, न्हाणीचे पाणी आहे, म्हणून गुंठा फळतो. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायला उद्योग वाढले पाहिजेत, हा त्याच निबंधातला निष्कर्ष. तोही विसरायचा नाही. परसबाग हा दारिद्र्यावरचा इलाज आहे असे मी म्हणत नाही.

इथे आपलेच तरुण मित्र हरकत घेतील. "ताई, बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितले, तुम्ही कोहळ्याचे वेल लावायला सांगता?" हरकत योग्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी गावाच्या संकुचितपणाचे वाभाडे काढले. स्वयंपूर्ण खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांच्या रांगेत मलाही उभे राहायचे नाही. गावगाडा कुणाच्या पाठीवर चालला, हे आपल्याला शिकवायची गरज नाही. पण त्याच बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र वसाहती आणि त्यासाठी पडीक सरकारी जमीन मागितली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, लाखो माणसे तुरुंगात गेली. गाव सोडायचे स्वातंत्र्य आणि गावात हक्काची जमीन या मागण्या एकमेकींच्या विरोधात कधीच नव्हत्या. पुण्याला शिकायला गेलेल्या पोराची आई आजही बाभुळगावातच जेवते. तिच्या ताटात काय आहे हा चळवळीचा प्रश्न नाही का?

दुसरी हरकत बायकांची आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून आलेल्या बाईने संध्याकाळी बागही राबवायची? बरोबर आहे. 'पोषण' या गोंडस नावाखाली आणखी एक फुकटचे काम बाईच्या डोक्यावर येत असेल, तर ती बाग नको. पाणी पुरुषाने भरावे, कूड पोरांनी घालावे, आणि घराचा उतारा बाईच्या नावावर असावा. राबणे तिचे आणि नाव त्याचे, ही व्यवस्था आपण मोडायची आहे.

मागणी काय करायची

माझी मागणी एका ओळीची आहे: ग्रामीण भूमिहीनाच्या घराची जागा किमान दोन गुंठे हवी.

जास्त वाटते? मग आपल्याच तालुक्यात बघा. बेंबळा प्रकल्पासारख्या धरणांसाठी गावे उठतात तेव्हा पुनर्वसनाचे नवे गावठाण आखले जाते. महाराष्ट्र प्रकल्पग्रस्त व्यक्तींचे पुनर्वसन अधिनियम, १९९९ यात पाच माणसांच्या बिगरशेतकरी कुटुंबाला १८५ चौरस मीटरचा भूखंड आहे, म्हणजे सुमारे १,९९० चौरस फूट. शेतकरी कुटुंबाला त्याच्या दुप्पट, ३७०. ज्याच्याकडे वावर त्याला अंगणही दुप्पट, हा न्याय तिथेही आहेच! तरी भूमिहीन कुटुंबाला जवळपास दोन गुंठे लागतात, हे राज्याच्या कायद्याने मान्य केलेले आहे. मग घरकुलवाल्याला ५०० फूट कोणत्या हिशेबाने?

जमीन नाही, हे उत्तर ऐकून घेऊ नका. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय याच राज्याने घेतला होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर ओलीत जमीन देण्याची तरतूद आहे. चार एकरांची योजना कागदावर असलेले राज्य दोन गुंठ्यांना नाही म्हणते, तेव्हा अडचण जमिनीची नसते, दानतीची असते.

आणि मित्रांनो, एक तातडीची गोष्ट. २०२० मध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते. आधी चुन्याने हद्दी आखल्या जातात, मग ड्रोन उडते, मग चौकशी होऊन मिळकत पत्रिका तयार होते. चुन्याची रेघ घराच्या भिंतीला लागून मारली, तर मागची सांदवाडी कायमची गेली असे समजा. तिथे शेजारच्या मोठ्या माणसाचे नाव लागेल किंवा ती सरकारजमा दिसेल. आणि गावठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानावर वसलेल्या वस्त्या त्या नकाशात येतच नाहीत. आपली बहुतेक माणसे त्या दिवशी मजुरीला गेलेली असतात.

म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे.

पहिले, वस्तीतल्या प्रत्येक घराची मोजपट्टीने मोजणी करा. घर किती, मागे-पुढे मोकळी जागा किती, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नोंद किती आणि कुणाच्या नावावर. सोबत त्या जागेत किती जातींची झाडे आहेत तेही लिहा. मग तीच मोजणी गावातल्या मोठ्या वाड्यांच्या परसात करा. दोन याद्या ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवा. भाषण करायची गरज पडणार नाही.

दुसरे, मोजणीची नोटीस लागली की त्या दिवशी वस्तीत थांबा. चुन्याची रेघ सांदवाडीच्या कुडाबाहेरून जाते आहे ना, हे उभे राहून बघा. चूक झाली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

तिसरे, नळाचे पाणी मागा. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. पाच माणसांचे २७५ लिटर. त्यातले न्हाणीचे पाणीच यवतमाळच्या उन्हाळ्यात पपई आणि मुंगणा जगवू शकते. पण आधी ते नळाला आले पाहिजे.

चौथे, जागा मिळेपर्यंत विहाराचे आवार वापरा. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती, कंदमुळे आणि फळझाडे जिथे नाहीत तिथे आणून लावल्याचा उल्लेख आहे. आपल्या विहारात वंदनेनंतर बियाण्यांची देवाणघेवाण का होऊ नये? ज्या आजीकडे जुने वाल आहेत तिने मूठभर आणावेत, ज्या पोरीकडे जागा नाही तिने निदान टिनावर एक वेल चढवावा. मृगाच्या आधी एवढे करता येते.

फक्त चौथ्यावर थांबू नका. सोपे असते म्हणून आपण तिथेच थांबतो, आणि व्यवस्थेलाही तेच हवे असते. बियाण्याचे पाकीट वाटले की फोटो निघतो. जागेचा उतारा मागितला की साहेब उठून जातात.

त्या मावशीला मिळालेले पाकीट अजून तिच्या घरात फडताळावर तसेच आहे. मी गेल्या महिन्यात विचारले तेव्हा म्हणाली, "ठेवलं हाये ताई. जागा भेटली का लावतो." बियाण्याची मुदत निघून गेली आहे. तिची जागेची मागणी मात्र अजून अर्जात लिहिली गेलेली नव्हती. तो अर्ज आम्ही त्याच दिवशी तिच्या उंबऱ्यात बसून लिहिला, दोन गुंठ्यांचा, तिच्या नावाने.

तुमच्या वस्तीत असे किती अर्ज लिहायचे राहिले आहेत?

जय भीम!